टब, टेरेस आणि वीस मिलिअँपिअर

माझ्या धाकट्या मेहुण्याचा तळेगावला बंगला आहे. मध्यंतरी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातला कुणी गृहस्थ चार मित्रांच्या मदतीने हॉट टब मागच्या अंगणात सरकवतो, बागेच्या पाइपने भरतो, प्लग खोचतो आणि संध्याकाळी सहकुटुंब आत बसतो. सगळं अडीच मिनिटांत. खाली प्रश्न : ‘दाजी, आपणच बसवू या का? टेरेसवर. बसवणारे फार पैसे सांगतायत.’

मी आधी ‘नको’ असं लिहिलं आणि खोडलं. कारण यातलं बरंचसं काम घरच्या घरी होण्यासारखं असतं. कुठलं होत नाही, ते सांगायला फोनवर दोन ओळी पुरेनात.

पहिलं वजन. दोन मीटर बाय दोन मीटरचा, पाच माणसांचा टब घ्या. पाणी साधारण १२०० लिटर, म्हणजे १२०० किलो. रिकामा टब तीनएकशे किलो. पाच माणसं साडेतीनशे. झाले १८५० किलो, आणि ते टेकणार चार चौरस मीटरवर. म्हणजे दर चौरस मीटरला ४६० किलोच्या आसपास. आपल्याकडे इमारतीवर येणारे भार ठरवणारं भारतीय मानक, आयएस ८७५ भाग २, वावरायच्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरायला सांगतं, म्हणजे सुमारे दीडशे किलो. टब त्याच्या तिप्पट.

यावर मेहुण्याचं उत्तर तयार होतं. ‘अहो, बारशाला दीडशे माणसं होती गच्चीवर!’ होती ना. पण शंभर चौरस मीटर गच्चीवर दीडशे माणसं, सरासरी साठ किलोची, म्हणजे चौरस मीटरला नव्वद किलो झाले. शिवाय ती जेवून घरी गेली. टब जात नाही.

त्यात त्याच्या वास्तुवाल्याने पाण्यासाठी ईशान्य कोपरा सांगितलेला. या बंगल्याचा ईशान्य कोपरा म्हणजे भिंतीबाहेर चार फूट काढलेला कँटिलिव्हर आहे, खाली खांब नाही. स्लॅबमधल्या सळ्यांना दिशा कळत नाहीत, बल कळतं. गच्चीवरच हवा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. नाहीतर अंगणात चार इंच जाडीचं, जाळी घातलेलं काँक्रीट ओतायचं, तेही एका पातळीत. हे गवंडी हाताशी घेऊन कुणालाही जमेल.

दुसरी उष्णता. १२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला जवळजवळ २१ युनिट वीज लागते. तीन किलोवॅटचा हीटर सात तास चालेल. शाळेतलंच सूत्र आहे, वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक. पुढे ती उष्णता घालवते मुख्यतः वाफ. एक लिटर पाणी उडून गेलं की उरलेलं सगळं पाणी जवळजवळ अर्ध्या अंशाने थंड होतं. म्हणून जाड, घट्ट बसणारं झाकण घ्या. झाकणात कंजुषी केलीत तर ती बिलात फिटते.

तिसरी पाण्याची स्वच्छता. कोमट पाणी जंतूंना आपल्याइतकंच आवडतं. टबातल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.८ ठेवायचा. क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो, ते हायपोक्लोरस आम्ल, ७.५ ला निम्मं असतं आणि ८ ला जेमतेम पाव उरतं. हवेचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हाकलतात, त्यामुळे सामू आपोआप वर चढत राहतो. पट्टी बुडवून रंग बघायचा, डोस घालायचा. यालाही बाहेरचं माणूस लागत नाही. (आणि ‘शरीरातली विषद्रव्यं खेचून काढणारा टब’ अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. ते खातं यकृत आणि मूत्रपिंडाकडे आहे. टब स्नायू सैलावतो, सांध्यांवरचा भार हलका करतो. तेवढं पुष्कळ झालं.)

आता चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. वीज.

व्हिडिओतला प्लग अमेरिकेतला होता. तिथे तो १२० व्होल्टला खोचला जातो आणि प्लगच्या दोरीवरच, प्रवाह जमिनीत गळला की वीज तोडणारी एक छोटी डबी असते. आपल्याकडे २३० व्होल्ट, आणि तशी डबी बहुधा नसते. ‘डबी नसली म्हणून काय झालं? अर्थिंग आहे की चांगलं, मीठ-कोळसा घालून केलेलं,’ मेहुणा म्हणाला. इथे मी कागद ओढला.

बंगल्याचा अर्थिंगचा खड्डा स्वतःचा असतो. तळेगावसारखा मुरूम उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा रोध सहज २० ओहम होऊ शकतो. विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध २ ओहम धरू. टबाच्या पंपात फेज वायर सुटून धातूच्या अंगाला लागली, तर प्रवाह खड्ड्यातून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे जाणार. २३० भागिले २२, सुमारे १०.४५ अँपिअर. टबाच्या लाइनवरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका, ३२ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने कुणीतरी इस्त्री लावलीय, एवढंच. तो पडणार नाही. आणि या सगळ्या वेळात टबाच्या धातूवर व्होल्टेज किती? १०.४५ गुणिले वीस, म्हणजे २०९ व्होल्ट. अर्थिंग जागेवर, मीठ जागेवर, कोळसा जागेवर, आणि पंपाला २०९ व्होल्ट.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, प्रवाह जमिनीत गळला की लाइन तोडणारा खटका. हे यंत्र माझं लाडकं आहे, त्यामुळे थोडं सोसा.

त्याच्या पोटात एक छोटं लोखंडी कडं असतं. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी त्या कड्यातून जातात. सगळं ठीक असेल तर फेजमधून जेवढा प्रवाह घरात जातो, तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. दोघांची चुंबकीय क्षेत्रं उलटसुलट, एकमेकांना पुसून टाकतात, कडं शांत. घरात एसी चालू असो की गिरणी, कड्याला फरक पडत नाही. पण गेलेल्यातला थोडासा प्रवाह वाट चुकून पंपाच्या अंगातून किंवा कुणाच्या हातातून जमिनीत गेला, की परत येणारा कमी पडतो. हिशेब जुळत नाही. कड्यात तेवढ्या फरकाचं चुंबकत्व उरतं, आणि कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या, बारीक तारेत क्षीण व्होल्टेज तयार होतं.

एवढ्याशा व्होल्टेजने ते जाड खटक्याचे काँटॅक्ट कसे उघडणार? नाही उघडत. उघडते स्प्रिंग. आत एक कायमचा चुंबक लोखंडाची छोटी पट्टी धरून बसलेला असतो आणि स्प्रिंग तिला ओढत असते. क्षीण प्रवाह फक्त त्या चुंबकाची पकड क्षणभर ढिली करतो. उंदराच्या सापळ्यासारखं. सापळा मिटवायची ताकद उंदराची नसते, सापळा लावणाऱ्याची असते. इथेही तुम्ही खटका अंगठ्याने वर केलात, तेव्हाच ती शक्ती स्प्रिंगमध्ये भरून ठेवली होतीत. वर्षांनंतर कधीतरी ती वापरली जाते, ३० मिलिअँपिअरच्या फरकाने, ०.३ सेकंदाच्या आत. वरच्या उदाहरणात खड्ड्यातून तेवढा प्रवाह जात असेल तर टबाच्या अंगावर व्होल्टेज असेल ०.६. म्हणजे २०९ व्होल्टपर्यंत गोष्ट गेलीच तर ती क्षणात तुटते.

एक पोटप्रश्न आहे. टबाचा पंप इन्व्हर्टर प्रकारचा, म्हणजे वेग कमीजास्त करणारा, असेल तर गळणाऱ्या प्रवाहात डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा, अंश येतो. डीसी कड्याला एकाच दिशेने चुंबकित करून ठेवतो, लोखंड संपृक्त होत जातं, मग एसीचा फरक आला तरी कड्यातलं चुंबकत्व पुरेसं बदलत नाही, आणि व्होल्टेज तर बदलामुळेच तयार होतं. साध्या ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी असा आंधळा होऊ शकतो. अशा पंपाला ‘ए’ किंवा ‘बी’ प्रकार लागतो. (इथे मेहुण्याने जांभई दिली. वाचकांपैकी कुणी दिली असेल तर माफ आहे.)

मग आरसीसीबी बसवला की झालं? इथेच टब गीझरहून वेगळा पडतो.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी शंभराहून अधिक पुरुष आणि २८ स्त्रियांच्या हातात, त्यांच्या संमतीने, विजेची तार देऊन मोजलं, की किती प्रवाहापर्यंत माणूस ती स्वतःहून सोडू शकतो. सरासरी निघाली पुरुषांना सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांना साडेदहा. त्यापुढे बोटांचे स्नायू मिटतात आणि उघडायचं ऐकत नाहीत. १९६० च्या दशकात डॅल्झील यांनी ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटणारं यंत्र पुढे आणलं. अमेरिकन प्लगवरची ती डबी म्हणजे त्याचंच रूप. गंमत अशी, की ज्या इटालियन भावांच्या आडनावावरून आपण टबाला ‘जकुझी’ म्हणतो, त्यांचा पंपांचा कारखानाही बर्कलीतच होता. त्यांच्यापैकी कँडिडो यांनी संधिवात झालेल्या मुलासाठी अंघोळीच्या टबात ठेवायचा पंप बनवला होता. पाण्यात पंप घालणारे आणि प्रवाह मोजणारे एकाच गावात.

आता आपल्याकडचा ३० चा आकडा बघा. तो हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून ठरवलेला आहे, हात सुटावा म्हणून नव्हे. मानकाप्रमाणे ३० वाला आरसीसीबी १५ च्या खाली पडता कामा नये, ३० ला पडायलाच हवा, मधे त्याची मर्जी. समजा टबात २० मिलिअँपिअर कुणाच्या अंगातून वाहतोय. आरसीसीबी गप्प बसू शकतो. बाथरूममध्ये उभा माणूस अशा वेळी धडपडतो, ओरडतो, निदान बादली लाथाडतो. टबातला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात आहे आणि त्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत. हृदय ठीक चालू आहे. तो बुडतो. अडीच फूट पाण्यात.

म्हणून टबाच्या लाइनला वेगळा, १० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं, पण दिसत नसल्यामुळे हमखास राहून जाणारं काम म्हणजे बाँडिंग. टबाच्या दीड मीटरच्या आतलं सगळं धातूचं, म्हणजे पंपाचं अंग, कठड्याचा पाइप, शिडी, काँक्रीटमधली जाळी, हे जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायचं. खड्ड्याला जोडायचं ते वेगळं. हे एकमेकांना. तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक लागत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. बाँडिंग तेच करतं. जमिनीपासून किती व्होल्ट ते सोडा, एका हाताला कठडा आणि दुसऱ्या हाताला पाणी यांच्यात फरक उरू नये. जाळीला तार काँक्रीट ओतण्याआधी बांधावी लागते. ओतल्यावर आठवलं तर फोडावं लागतं.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचं, आणि त्याने अर्थिंगचा रोध मीटर लावून मोजून आकडा कागदावर लिहून द्यायचा. ‘चांगलं आहे’ हा आकडा नव्हे. बाकी फळी मारणं, भरणं, पाणी राखणं, झाकण ओढणं, सगळं मेहुण्याने करावं. मीही येईन.

तर त्या रविवारी तळेगावला गेलो होतो. जिन्याखालचा बोर्ड उघडला. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण असतं. ते दाबलं की आतला एक रोधक थोडासा प्रवाह मुद्दाम कड्याला वळसा घालून नेतो. खोटी गळती. खटका पडायला हवा. चुंबकाची पट्टी वर्षानुवर्षं हलली नाही तर चिकटून बसते, म्हणून महिन्यातून एकदा दाबायचं असतं. मेहुण्याला म्हटलं, दाब.

त्याने दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. आत टीव्हीवर मॅच चालूच.

दुसऱ्या दिवशी वायरमनने बोर्डाचं पुढचं झाकण काढलं. आरसीसीबीच्या वायरी काढून सरळ मेन स्विचवर घेतलेल्या होत्या. डबा नुसता जागेवर. मेहुण्याला मग आठवलं, की चार पावसाळ्यांपूर्वी तो सारखा पडत होता आणि तेव्हाच्या माणसाने ‘आता नाही पडणार’ म्हणून दुरुस्त करून दिला होता. पडत होता तो वरच्या गीझरमुळे. हीटरच्या नळीतली पांढरी पूड ओल धरते आणि प्रवाह झिरपायला लागतो. वायरमनने गीझरला मीटर लावला, काटा बघितला आणि तिथेच त्याचा स्विच बंद करून टेप मारली. सासूबाई सकाळी त्याच गीझरच्या पाण्याने अंघोळ करून देवपूजेला बसल्या होत्या.