क्रोबो काचमणी

घानाच्या पूर्व विभागातील क्रोबो लोक टाकाऊ बाटल्यांच्या काचेपासून घडवतात ते मणी. ओदुमासे आणि सोमान्या ही या कामाची मुख्य गावे. कोफोरिदुआचा गुरुवारचा मणीबाजार ही मोठी पेठ. येथे काच फुंकत नाहीत की सळईवर गुंडाळत नाहीत. ती साच्यात भरून भट्टीत एकजीव करतात. खरे कसब भोक पाडण्यात आहे.

बाटल्या रंगवार निवडून, धुऊन फोडतात. लोखंडी खलात जड मुसळाने कुटून काच वस्त्रगाळ करतात. मातीच्या जाड साच्यात ओळीने खळगे असतात. प्रत्येक भाजणीआधी त्यांना केओलिन मातीचा पातळ लेप देतात. तो चुकला की मणी साच्याला चिकटतो आणि काढताना दोन्हींचे नुकसान होते. खळग्याच्या मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा रोवून भोवती भुकटी भरतात. भट्टीत देठ जळून जातो, भोक उरते. पट्ट्या हव्या असतील तर भुकटीत सिरॅमिक रंग मिसळून थरांवर थर देतात.

भट्टी बहुधा वारुळाच्या मातीची, जळण लाकडाचे. मण्याच्या आकारानुसार भाजणीला साधारण अर्धा ते एक तास लागतो. आच कमी पडली तर मणी खरखरीत राहून कडेने झडतो. जास्त झाली तर थर एकमेकांत उतरतात.

पारदर्शक मण्यांसाठी भुकटी नव्हे, काचेचे बारीक तुकडे वापरतात आणि देठ लावत नाहीत. साचा बाहेर येताच एका आरीने मणी धरून दुसरीने भोक पाडतात आणि फिरवत त्याला गोलाई देतात. हात आखडला तर काच घट्ट होते आणि भोक अर्धवट राहते. दोन जातींची काच एका मण्यात घालणे जोखमीचे: निवताना दोन्ही सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, म्हणून तडा जातो. तो कधी लगेच दिसतही नाही.

गार झालेले मणी दगडावर वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत करतात. नक्षीच्या मण्यांवर काचेच्या भुकटीचा ओला लेप रेखून ते पुन्हा भाजतात. दिपो या मुलींच्या वयात येण्याच्या संस्कारात गळ्यात, कमरेला अशा मण्यांच्या सरी घालतात. फुटलेले मणीही वाया जात नाहीत. त्यांचे तुकडे साच्यात जोडून भाजले की ठिगळासारख्या नक्षीचा वेगळाच मणी तयार होतो.