इराणी राष्ट्रीय ओळखपत्र : परदेशातून अर्ज

इराणच्या नागरिकाला वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणारे छायाचित्रासह ओळखपत्र. फार्सीत त्याला ‘कार्त-ए मेल्ली’ म्हणतात. ‘मेल्ली’ म्हणजे राष्ट्रीय. ते देण्याचा अधिकार इराणी गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘सब्त-ए अहवाल’ या नागरी नोंदणी संघटनेकडे आहे. देशाबाहेर राहणारा नागरिक त्यासाठी आपल्या भागातील इराणी वकिलातीकडे अर्ज करतो. वकिलात कागद तपासते आणि पुढे पाठवते. व्यक्तीची मूळ नोंद मात्र इराणमध्येच असते आणि तिथे ती सापडली, जुळली, तरच ओळखपत्र निघते.

या व्यवहारातले निम्मे शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील. ‘सब्त’ म्हणजे नोंद आणि ‘अहवाल’ म्हणजे माणसाच्या आयुष्यातल्या स्थिती : जन्म, विवाह, घटस्फोट, मृत्यू. मराठीत हाच शब्द वृत्तान्त या अर्थाने रुळला. इराणी माणसाच्या मूळ जन्मनोंदीच्या पुस्तिकेला ‘शनासनामे’ म्हणतात. त्यातला ‘नामे’ आपल्या करारनाम्यात आणि पंचनाम्यात आहे. वकालतनामा, म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार, तर दोन्हीकडे जवळपास सारखाच उच्चारला जातो, आणि परदेशस्थ इराण्याला ओळखपत्राची गरज बहुधा त्या वकालतनाम्यापायीच पडते.

पुस्तिका, क्रमांक आणि ओळखपत्र

शनासनामे, राष्ट्रीय क्रमांक आणि ओळखपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. पहिले शनासनामे डिसेंबर १९१८ मध्ये तेहरानात दिले गेले. इराणी सौर सनाप्रमाणे तो १२९७ मधल्या ‘देय’ महिन्याचा तिसरा दिवस होता आणि आजही तो नागरी नोंदणीचा दिवस म्हणून पाळला जातो. १९२५ च्या कायद्याने नोंदणी आणि आडनाव दोन्ही सक्तीची झाली. तोवर बहुसंख्य लोक वडिलांच्या, गावाच्या किंवा धंद्याच्या नावाने ओळखले जात.

राष्ट्रीय क्रमांक बराच नंतरचा. प्रत्येक नागरिकाला क्रमांक आणि प्रत्येक पत्त्याला टपाल संकेतांक देण्याचा कायदा १९९७ मध्ये झाला. क्रमांक दहा अंकी असतो. पहिले तीन अंक नोंदणीचे ठिकाण सांगतात, पुढचे सहा अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. पडताळणीचे गणित सोपे आहे : पहिल्या नऊ अंकांना डावीकडून अनुक्रमे १०, ९, ८ असे २ पर्यंत गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे, बाकी ० किंवा १ उरली तर तीच शेवटचा अंक, नाहीतर ११ मधून बाकी वजा करायची. उदाहरणादाखल १२३४५६७८९ हे नऊ अंक घेतले तर बेरीज २१० येते, बाकी १ उरते आणि दहावा अंक १ ठरतो. एक अंक चुकीचा पडला की यंत्र तिथल्या तिथे क्रमांक नाकारते. तेहरानमध्ये नोंद झालेल्यांचे क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतात. परदेशी अर्जांत किंवा संगणकाच्या तक्त्यांत ही शून्ये गळून पडतात आणि दहाचा क्रमांक आठ अंकी होऊन बसतो, म्हणून ती जपून लिहावी लागतात.

जुन्या पुस्तिकांना स्वतःचा वेगळा क्रमांक असे आणि तो देशभर एकमेव नसे. दोन गावांत एकाच क्रमांकाची दोन शनासनामी असू शकत. इराणी सन १३६८, म्हणजे १९८९ पासून पुढे जन्मलेल्यांचा शनासनामे-क्रमांक आणि राष्ट्रीय क्रमांक एकच असतो. त्याआधीच्या पिढीला प्रत्येक अर्जावर दोन क्रमांक भरावे लागतात.

१९९७ आधी देश सोडलेले

खरी अडचण होते ती याच जुन्या पिढीची. १९७९ च्या क्रांतीनंतर आणि १९८० ते १९८८ या काळातील इराक युद्धात असंख्य कुटुंबे युरोप, अमेरिका, कॅनडा, तुर्कस्तान इकडे गेली. ती गेली तेव्हा राष्ट्रीय क्रमांक अस्तित्वातच नव्हता. पेटीत ठेवलेल्या पुस्तिकेवर हाताने लिहिलेली नोंद, तरुणपणचे छायाचित्र, आणि कित्येकदा तीही निघण्याच्या घाईत मागे राहिलेली. अशा माणसाला थेट ओळखपत्र मागता येत नाही. आधी त्याची मूळ नोंद शोधली जाते, पुस्तिका हरवली असल्यास दुसरी प्रत मागावी लागते, पुस्तिका जुन्या नमुन्याची असेल तर नवी घ्यावी लागते, क्रमांक निश्चित होतो आणि मग ओळखपत्राचा अर्ज. मधल्या वर्षांत लग्न झाले, मुले झाली, जोडीदार वारला, तर त्या घटनांची नोंदही आधी पुस्तिकेत चढवावी लागते. चाळीस वर्षांचे आयुष्य एका खिडकीवर क्रमाने सिद्ध करायचे असते. वृद्ध अर्जदाराला हे फार जड जाते, आणि या साऱ्या पद्धतीतला सर्वांत कठोर भाग हाच आहे.

परदेशात जन्मलेल्या मुलाची वाट वेगळी आहे. इराणी नागरी संहितेच्या कलम ९७६ नुसार बाप इराणी असेल तर मूल कुठेही जन्मले तरी इराणी. स्थानिक जन्मदाखला, त्यावरचे साक्षांकन आणि आईवडिलांची पुस्तिका दाखवून वकिलातीत त्याची नोंद होते. शनासनाम्याबरोबरच क्रमांक मिळतो आणि ओळखपत्र पंधराव्या वर्षानंतर. आई इराणी व बाप परदेशी असलेल्या मुलांसाठी २०१९ च्या कायद्याने अर्जाचा मार्ग मोकळा केला. त्याआधी आईकडून नागरिकत्व सहज जात नसे.

दुहेरी नागरिकत्व इराण मानत नाही. ठरलेली पद्धत न पाळता दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तर इराणच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच (कलम ९८९). याचा उलटा परिणाम असा की लंडनमध्ये किंवा टोरोंटोत शपथ घेऊन नागरिक झालेला माणूसही तेहरानच्या दफ्तरात इराणीच राहतो. तो इराणी पारपत्रावरच देशात शिरू शकतो आणि तिथले व्यवहार इराणी ओळखीनेच करतो.

अर्जाची वाट

अर्ज ‘मीखक’ या परराष्ट्र मंत्रालयाच्या संगणकीय प्रणालीतून केला जातो. ‘मोदीरियत-ए यकपारचे-ए खदमात-ए कोन्सुली’, म्हणजे वकिलाती सेवांचे एकत्रित व्यवस्थापन, या नावाच्या आद्याक्षरांपासून हा शब्द जुळवला आहे. एरवी फार्सीत मीखक म्हणजे लवंग, आणि त्याच नावाचे एक फूलही. मूळ शब्द ‘मीख’, खिळा. लवंग दिसतेच छोट्या खिळ्यासारखी. मराठीतली ‘मेख’ तीच.

अर्जदार प्रणालीत खाते उघडतो, माहिती फार्सीत भरतो, शनासनाम्याची पाने व छायाचित्र जोडतो, शुल्क भरतो आणि मागोवा घेण्याचा संकेतांक जपून ठेवतो. तारखा सौर सनातल्या लागतात. इराणी वर्ष मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या दिवशी सुरू होते, त्यामुळे परदेशी जन्मदाखल्यावरची ३० मार्च १९९१ ही तारीख अर्जात १० फरवर्दीन (वर्षाचा पहिला महिना) १३७० अशी उतरते. परदेशातच शिकलेल्या दुसऱ्या पिढीला फार्सी लिपी येत नसेल तर घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवूनच अर्ज पुरा होतो. छायाचित्रात स्त्रियांचे केस झाकलेले असावे लागतात, मग ती स्त्री राहते त्या देशात रोज कशीही वावरत असो.

कागद संगणकावरून जातात, बोटांचे ठसे मात्र माणसालाच नेऊन द्यावे लागतात. २०१० नंतरच्या दशकात इराणने जुन्या साध्या ओळखपत्राऐवजी ‘हूशमंद’, म्हणजे स्मार्ट, पत्र आणले; आपल्या ‘हुशार’मधला होश तोच. या पत्रात चिप असते, त्यासाठी ठसे आणि जागेवर काढलेले छायाचित्र लागते, मुदत सात वर्षांची असते. जिथल्या वकिलातीत ठसे घेण्याचे यंत्र नाही तिथल्या अर्जदाराला दुसरीकडे जावे लागते किंवा इराणच्या पुढच्या फेरीत नोंदणी कार्यालय गाठावे लागते. त्यात २०२० च्या आगेमागे चिप असलेल्या कोऱ्या पत्रांचा तुटवडा पडला. देशातच लाखो लोक पत्राऐवजी नुसती पावती घेऊन थांबले होते आणि जुन्या पत्रांची मुदत वारंवार वाढवावी लागली. चार आठवड्यांच्या सुट्टीत गावी आलेल्याला पावती मिळे. पत्र तयार होईतो तो परत गेलेला असे.

वकिलात नसलेल्या देशांत अंतर आणखी वाढते. अमेरिकेशी संबंध १९८० मध्ये तुटले. वॉशिंग्टनमध्ये पाकिस्तानच्या छत्राखाली चालणारा इराणी हितसंबंध विभाग तेवढा तिथल्या लोकांची कामे करतो. कॅनडाने २०१२ मध्ये संबंध तोडल्यावर तिथली इराणी मंडळीही त्याच विभागावर अवलंबून राहिली. लंडनची वकिलात २०११ ते २०१५ बंद होती. जर्मनीने २०२४ च्या ऑक्टोबरात फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग आणि म्युनिक इथली तिन्ही इराणी वाणिज्य दूतावास कार्यालये बंद केली, तेव्हा एवढ्या मोठ्या समाजाला एकटे बर्लिन उरले. दोन सरकारांच्या भांडणाचा भार असा जन्मदाखला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसावर पडतो.

एवढे करून ओळखपत्र कशाला? वडील वारले की वारसा ठरवायला, घर विकायला, बँकेतले खाते चालू ठेवायला, फोनचे सिमकार्ड घ्यायला. परदेशातून हे भावाकडे किंवा वकिलाकडे सोपवायचे म्हटले तर वकिलातीत वकालतनामा करावा लागतो आणि त्यातही राष्ट्रीय क्रमांक आधी विचारला जातो. पुष्कळांना पत्राविना क्रमांकावर आणि पारपत्रावर भागवता येते. मालमत्तेचा व्यवहार मात्र पत्राशिवाय अडखळतो.

धर्माचा रकाना

पत्रावर धर्म छापलेला नसतो, पण अर्जात विचारला जातो. २०२० च्या जानेवारीत हूशमंद पत्राच्या अर्जातून ‘इतर धर्म’ हा पर्याय काढल्याचे उघड झाले. राज्यघटनेने मान्य केलेले इस्लाम, ख्रिस्ती, यहुदी आणि जरथुश्त्री एवढेच उरले. बहाई पंथीयांपुढे खोटे लिहायचे किंवा पत्राविना राहायचे असे दोनच रस्ते राहिले. ओळखपत्र मिळवण्यासाठी माणसाला आपली ओळख नाकारावी लागणे हा अन्याय आहे.

महाराष्ट्रातील इराणी

भारतात इराणचा दूतावास दिल्लीत असून मुंबई व हैदराबाद इथे वाणिज्य दूतावास आहेत. पुण्यात अनेक दशके इराणी विद्यार्थी शिकत आले आहेत. पुणे महापालिकेच्या जन्मदाखल्यावर एखाद्या इराणी जोडप्याच्या मुलाची नोंद करायची तर वाट मुंबईच्या दूतावासातून जाते. यझ्द आणि केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या, कोपऱ्या-कोपऱ्यावर चहा-ब्रुनमस्का विकणाऱ्या जरथुश्त्री इराणी कुटुंबांचा या पत्राशी सहसा संबंध येत नाही. त्यांतले बरेच जण शनासनामे सुरू होण्याआधीच निघाले होते आणि त्यांची नातवंडे-पतवंडे भारतीय नागरिक आहेत. आडनाव ‘इराणी’ असले तरी खिशात आधार असते. आधार रहिवाशाला मिळते, नागरिकत्व न पाहता, आणि ते भारतीय वकिलातीतून काढता येत नाही. कार्त-ए मेल्ली याच्या नेमके उलट : इराणमध्ये जन्म घालवलेल्या अफगाण रहिवाशाला ते मिळत नाही, त्याला परकीयांसाठीचा वेगळा संकेतांक दिला जातो. इराणी बापाच्या, इराण कधीही न पाहिलेल्या मुलीला मात्र ते मागता येते.