जेडी आणि एमजेडी: चोवीस लाखांचं सोडा, अर्धा दिवस सांभाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले हौशी आकाशनिरीक्षक आपापल्या फिट्स फाइलींची (आकाशाच्या फोटोंच्या फाइलींची) माहिती एका सामायिक टेबलात भरायला लागले, की वेळेच्या कॉलममध्ये घोळ ठरलेलाच. कुणी जेडी (ज्युलियन डेट) भरतं, कुणी एमजेडी (मॉडिफाइड ज्युलियन डेट). वर कुणीतरी सांगतंच, "दोन्ही एकच हो, पुढचे 24 काढले की झालं." हे एकदा थांबायला हवं.

जेडी रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो: इ.स.पू. 4713 पासून सलग मोजलेले दिवस, आता 24 लाख 60 हजारांच्या पुढे गेलेले. एमजेडीची मोजणी 17 नोव्हेंबर 1858 पासून. 1957 मध्ये स्पुटनिकचा माग काढताना आकडे आटोपशीर राहावेत म्हणून तो वापरात आला. सूत्र एवढंच: एमजेडी = जेडी − 2400000.5.

सगळी गोम त्या शेवटच्या .5 मध्ये आहे. जेडीचा दिवस यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) दुपारी बाराला बदलतो, एमजेडीचा मध्यरात्री. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख रात्री बाराला, तसंच हे. नुसते 24 खोडले तर दुपारपासून मोजलेला आकडा मध्यरात्रीपासूनचा म्हणून वाचला जातो.

जांबोटीच्या बाजूला 14 जानेवारी 2025 ला रात्री नऊला एक्सपोजर सुरू केलं असं धरा. यूटीसी 15:30. जेडी 2460690.1458, एमजेडी 60689.6458. आता जेडीचे 24 काढून 60690.1458 हा आकडा एमजेडीच्या कॉलममध्ये टाका. टेबल सांगेल, हा फोटो 15 तारखेला सकाळी नऊ वाजता काढला! अख्खा जेडीच एमजेडीच्या कॉलममध्ये गेला, म्हणजे 24 लाखांची चूक झाली, तर शोधात काहीच सापडत नाही, म्हणून ती लगेच उघडी पडते. अर्ध्या दिवसाची चूक मात्र खपून जाते, कारण आकडा अगदी बरोबर दिसतो. अल्गॉल या जोडताऱ्याचा आवर्तकाल 2.87 दिवसांचा आणि ग्रहण (एक तारा दुसऱ्याआड जाणं) सुमारे दहा तासांचं. बारा तास सरकले की ते ग्रहण आलेखावर भलतीकडेच जाऊन बसतं. लघुग्रह तर सतत जागा बदलतो, त्याच्या नोंदीचं विचारायलाच नको.

जेडीची एक सोय आपल्याकडे खरंच मोठी आहे. त्याचा पूर्णांक भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणजे सबंध रात्रीला एकच आकडा. एमजेडीचा बदलतो पहाटे साडेपाचला, आणि थंडीत तेव्हा आकाश अजून काळंच असतं. म्हणून रात्रीच्या फोल्डरला नाव द्यायला जेडीचा पूर्णांक जरूर वापरा. टेबलात मात्र एमजेडीच. ऑब्सकोर मानकात (खगोलीय निरीक्षणांची माहिती कशी भरायची याच्या सामायिक नियमांत) निरीक्षणाच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ एमजेडीतच द्यायची असते. उद्या आपलं टेबल मोठ्या संग्रहाशी जोडायचं झालं तर आयत्या वेळी धावाधाव नको.

कॉलमचा प्रकार डबलच (जास्त अंक साठवणारा) ठेवा. साध्या फ्लोटमध्ये आजचा जेडी सहा-सहा तासांच्या टप्प्यांनी पुढे सरकतो, एमजेडी साडेपाच मिनिटांच्या. दोन्ही कुचकामी. यूटीसी आणि टीटीमध्ये (टेरेस्ट्रियल टाइम या खगोलशास्त्रातल्या वेळेमध्ये) 69 सेकंदांचा फरक आहे. कॉलमच्या नावातच यूटीसी लिहून टाका, विषय संपला. कॉलमला नुसतं "ज्युलियन" नाव देऊ नका, कारण काहीजण 1 जानेवारीपासूनच्या दिवसालाही ज्युलियन म्हणतात.

जुन्या ओळी दुरुस्त करताना सरसकट अर्धा दिवस वजा करू नका. काही ओळी बरोबर असतात, त्या बिघडतील. वेळ भारतीय वेळेत बदला आणि भरदिवसा काढलेले दिसणारे फोटो वेगळे काढा. त्यांच्या मूळ फाइलींच्या हेडरमधून (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतून) डेट-ऑब्स, म्हणजे निरीक्षणाची वेळ, वाचून एमजेडी नव्याने काढा. तिथल्या नुसत्या 'डेट' या नोंदीला हात लावू नका, ती फाइल तयार झाल्याची तारीख असते.