लफड्याची भरपाई कोण मागू शकतं? या कायद्याच्या मागची गोष्ट

बडोद्याच्या न्यायमंदिरावरून, म्हणजे जुन्या कोर्टाच्या इमारतीवरून, जाताना मला दर वेळी मावशी आठवते. दांडिया बाजारात राहायची, नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं आणि हे अख्ख्या वाड्याला माहीत होतं. ऐंशीच्या दशकात, कोर्ट अजून तिथेच भरायचं तेव्हा, ती एका स्टीलच्या डब्यात त्या बाईच्या चिठ्ठ्या घेऊन वकिलाकडे गेली. वकील म्हणाले, ताई, घटस्फोट मागा, पोटगी मागा, पण त्या बाईवर तुम्हाला काही करता येणार नाही.

आता मागे वळून बघितलं की कळतं, कायदा मुळात मावशीसारख्यांसाठी लिहिलाच नव्हता. इंग्लंडमध्ये पूर्वी नवरा बायकोच्या प्रियकरावर दावा लावून पैसे वसूल करायचा, आणि ती बायको त्या दाव्यात पक्षकारसुद्धा नसायची, जणू कुणी शेतातलं पीक कापून नेलं तशी भरपाई! १८५७ मध्ये तो दावा बंद झाला, पण घटस्फोटाच्या खटल्यात प्रियकराकडून पैसे मागायची सोय तिथे १९७० पर्यंत होती. तेच आपल्याकडे १८६९ च्या ख्रिश्चन घटस्फोट कायद्यात आलं, तिथेही मागणार फक्त नवरा, आणि ते कलम २००१ मध्ये गेलं.

फौजदारीत तर काय, इंग्रज अधिकारी मेकॉलेच्या दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यात व्यभिचार गुन्हा नव्हताच, पण १८६० च्या दंडसंहितेत तो गुन्हा ठरवणारं कलम ४९७ आलं. शिक्षा ५ वर्षांपर्यंत, पण फक्त परपुरुषाला. बाईच्या नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही, आणि ज्याचं लफडं आहे त्याच्या बायकोला तक्रार करायची सोयच नाही. मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

हिंदूंमध्ये घटस्फोटच उशिरा आला, देशभर १९५५ ला. आपल्या बडोद्यात मात्र सयाजीराव महाराजांच्या राज्यात तो १९३१ मध्येच मिळाला होता, याचा मला खरंच अभिमान आहे. पण मनःस्तापाचे पैसे वगैरे त्यात नव्हतं.

मग २०१३ मध्ये गुजरातच्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं नवरा-बायकोमधलं प्रेम तिसऱ्यानं मुद्दाम तोडणं ही दिवाणी चूक, म्हणजे जिच्यासाठी भरपाई मागता येते अशी, असू शकते यावर सविस्तर लिहिलं, पण त्या केसमध्ये नवरा सुटला, नुसतं बाहेरचं प्रकरण म्हणजे ४९८-अ या बायकोच्या छळाच्या कलमातली क्रूरता नाही असं म्हणून. २७ सप्टेंबर २०१८ ला ४९७ रद्द झालं, मात्र व्यभिचार दिवाणी चूक आणि घटस्फोटाचं कारण राहू शकतो हे कोर्टानं सांगितलं, लोक ही दुसरी अर्धी गोष्ट विसरतात. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं एका बायकोचा दुसऱ्या बाईविरुद्धचा भरपाईचा दावा ऐकण्याजोगा मानला, तोही फॅमिली कोर्टात नाही, साध्या दिवाणी कोर्टात.

अर्थात दावा दाखल होणं म्हणजे पैसे मिळणं नाही. त्या बाईनं मुद्दाम ओढलं आणि त्यामुळेच संसार तुटला हे बायकोलाच सिद्ध करावं लागणार, नवरा आपणहून गेला असेल तर ती बाई जबाबदार नाही.

मावशीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या त्या बाईच्या हातच्या होत्या. वकिलांनी त्या उघडूनही बघितल्या नव्हत्या.