स्कॉटिश पूर्वज शोधताय? पॅरिश रजिस्टर वेगळं आणि सेन्सस वेगळा

स्कॉटलंडमधला खापरपणजोबा शोधताना लोकांची हमखास गल्लत होते ती इथेच. पॅरिश रजिस्टर म्हणजे चर्चची नोंदवही आणि सेन्सस म्हणजे जनगणना, दोन्हीत नाव असतं, गाव असतं, साल असतं, मग एकातली माहिती दुसऱ्यात शोधत बसतात आणि मिळाली नाही की वाटतं रेकॉर्डच गेलं. तसं नसतं हो.

पॅरिश रजिस्टर चर्चचं, पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बाप्तिस्मा झाला, लग्न ठरलं, कधीमधी दफन झालं की तिथला क्लार्क लिहून ठेवायचा. सगळ्यात जुनं पर्थशायरमधल्या एरोलचं, 1553 पासूनचं, आणि ही जुनी रजिस्टरं 1854 ला संपतात कारण 1 जानेवारी 1855 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. सेन्सस सरकारचा, दर दहा वर्षांनी. शोधायला उपयोगी पडतो तो 1841 ते 1921 चा, कारण 100 वर्षं तो बंद ठेवतात. त्यात जन्म-लग्न काही नाही, त्या एका रात्री त्या घरात कोण कोण होतं एवढंच, साधारण आपल्या रेशनकार्डासारखं.

1841 चं पान मात्र जपून वाचा. 15 वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणायचं असा नियम होता, म्हणजे 35 लिहिलंय ती बाई 39 ची पण असू शकते, तिचा जन्म 1801 ते 1806 मधला कधीचाही. नातं लिहिलेलंच नाही, त्यामुळे शेजारची मुलगी तिची लेक की भाची की कामवाली, काहीच ठरवता येत नाही, आणि जन्मगाव विचारलं तर फक्त याच काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) का नाही, नाहीतर इंग्लंड, आयर्लंड की परदेशातला एवढंच. 1851 पासून नातं येतं, नेमकं वय येतं आणि जन्म कुठल्या पॅरिशमध्ये ते येतं, हा रकाना म्हणजे खरं सोनं! म्हणून आधी सेन्सस, त्यातून पॅरिश कळली की मग रजिस्टर, उलटं केलंत तर एकाच नावाचे दहा जॉन मॅकडोनाल्ड घेऊन बसाल. दोन्ही स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर आहेत.

आता रजिस्टरमध्ये नाव नाही म्हणून माणूस जन्मलाच नाही असं नसतं. 1783 ते 1794 मध्ये प्रत्येक नोंदीवर 3 पेन्स कर होता, लोक टाळायचे. 1843 ला चर्च फुटलं, पाद्र्यांपैकी साधारण एक तृतीयांश बाहेर पडून फ्री चर्चमध्ये गेले, त्यांच्याकडचे बाप्तिस्मे या रजिस्टरात येणार कसे? आपल्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन पण तेव्हा फ्री चर्चकडेच गेले. ते स्कॉटलंडमधल्या लॉडरचे, जन्म 1804, आणि 1829 पासून मुंबईत, त्यामुळे 1841 आणि 1851 च्या स्कॉटिश सेन्ससमध्ये त्यांना शोधून उपयोगच नाही. अजून एक, लग्नाची नोंद बहुतेकदा लग्न ठरल्याच्या चर्चमधल्या घोषणेची असते, ती वराच्या आणि वधूच्या दोन्ही पॅरिशमध्ये सापडते, तारखा वेगळ्या दिसल्या म्हणून दोन जोडपी समजू नका, आणि घोषणा झाली म्हणजे लग्न लागलंच असंही धरू नका.

रजिस्टरमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बऱ्याचदा असतं. सेन्ससमध्ये ते क्वचित मिळतं.

आणि माणूस 1855 नंतर गेला असेल तर मृत्यूची सरकारी नोंद आधी काढा. त्यात आईवडील दोघांची नावं विचारलेली असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट, म्हणजे 1856 ला गेलेल्या 80 वर्षांच्या आजीमुळे तुम्ही थेट अठराव्या शतकात पोचता. फक्त खाली माहिती कोणी दिली ते वाचा, मुलाने दिली असेल तर बरं, शेजाऱ्याने दिली असेल तर ती नावं रजिस्टरशी ताडून बघितल्याशिवाय वंशावळीत टाकू नका.