तह झाला, पण शेतात पाय कोण ठेवणार?

करारावर सह्या झाल्या की युद्ध संपलं असं बातम्या बघून वाटतं. आफ्रिकेतल्या मोझांबिकमधली यादवी १९७७ ला सुरू झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये सह्या होऊन थांबली, शेजारच्या देशांत पळालेले सुमारे १७ लाख लोक घरी परतायला लागले आणि बघतात तर शेतात, पायवाटांवर, विजेच्या टॉवरभोवती सगळीकडे सुरुंग. आता पेरायचं कुठं?

मेटल डिटेक्टर आहे की, म्हणाल. पण बऱ्याच सुरुंगांना प्लास्टिकचं कव्हर, धातू नावापुरता, आणि जमिनीत खिळे, काडतुसं, पत्र्याचे तुकडे भरपूर. प्रत्येक बीपला गुडघ्यावर बसून उकरायचं.

म्हणून सुरुंग वासावरून शोधायचा. खरी गंमत इथंच आहे. सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाची वाफ फारच कमी होते, पण त्यात डीएनटी नावाची भेसळ राहिलेली असते, ती जास्त उडते, प्लास्टिकमधून हळूहळू झिरपते आणि मातीच्या कणांना चिकटून बसते. माती कोरडी असली की हे रेणू सुटतच नाहीत. ओल आली की पाण्याचे रेणू त्यांची जागा बळकावतात, ते मोकळे होऊन वर येतात, म्हणजे तीच जागा तोच सुरुंग पण वास ओलीवर ठरतो. आपल्या सोलापूरच्या काळ्या रानात तर चिकणमाती इतकी की कोरडी असताना तिनं काहीच सोडलं नसतं!

हा वास टिपायला टांझानियात आफ्रिकेतले मोठे उंदीर ट्रेन करतात. वजन दीड किलोच्या आत, त्यामुळं सुरुंग फुटत नाही. वास बरोबर ओळखला की क्लिकरचा टिक्क आवाज, मग केळं नाहीतर शेंगदाणा. (इथला उंदीर असता तर शेंगाचटणीच मागितली असती.) टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात हुंगतो.

आणि हो, आपल्याकडं बोअर मारायच्या आधी तळहातावर नारळ उभा करणारा पाणाडी बोलवतात ना, तसलीच वस्तू इराकला बॉम्ब शोधायला विकली होती, एडीई ६५१, नुसती मूठ आणि हलणारी अँटेना, आत काही नाही. विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनच्या कोर्टानं १० वर्षं आत टाकलं. पाणाडी मात्र अजून फी घेतोय.

उंदीर जागा दाखवतो फक्त, सुरुंग काढतो माणूसच. मोझांबिक सुरुंगमुक्त जाहीर व्हायला सप्टेंबर २०१५ उजाडला, सह्यांनंतर जवळपास २३ वर्षं.