केबल की कार्ड रीडर? फोटो कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर घेताना

बडोद्यात सध्या जुने डिजिटल कॅमेरे कपाटाबाहेर आलेत. एम. एस. युनिव्हर्सिटीतली पोरं बाबांचा पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा चपटा कॅमेरा खिशात घालून कमाटीबागेत फिरतात, नवरात्रात गरब्याला नेतात. त्या बारक्या फ्लॅशचा जरा भडक उजेड त्यांना हवाच असतो. फोटो काढायला कुणी शिकवावं लागत नाही. गाडी अडते ती घरी आल्यावर. फोनमधले फोटो आपोआप कुठेतरी वर जाऊन बसतात, इथे मात्र ते कार्डात बसलेत आणि आपणच बाहेर काढायचेत. मग कुणी म्हणतं केबल लाव, कुणी म्हणतं कार्ड काढ आणि रीडरमध्ये घाल. शेवटी दोन्हीकडून फोटोच येतात, म्हणून घरोघरी निकाल ठरलेला: कशानेही करा, एकच आहे.

एकच नाही. केबल लावली की कॉम्प्युटर कॅमेऱ्याशी बोलतो. रीडर, म्हणजे कार्ड घालून कॉम्प्युटरला जोडायची छोटी डबी, लावला की कॉम्प्युटर थेट कार्डावर जातो, कॅमेरा मध्ये नसतोच. बहुतेक साधे कॅमेरे केबलवर पीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात: कॉम्प्युटर यादी मागतो, कॅमेरा यादी देतो; कॉम्प्युटर एक फोटो मागतो, कॅमेरा तो काढून देतो. कार्डाला हात लावायची परवानगी कॉम्प्युटरला नसते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत चिठ्ठी देऊन पुस्तक मागवणं आणि स्वतः कपाटांच्या रांगांत शिरणं, यात जो फरक आहे तोच हा. चिठ्ठीवर तुम्हाला पुस्तक मिळतं, कपाट मिळत नाही.

हे कळलं की पुढचे बरेच घोळ आपोआप सुटतात. माझ्या भाचीचा एकदा फोन आला, ‘मामा, कॅमेरा दिसतोय, पण त्याला ई नाही, एफ नाही, कुठलंच अक्षर नाही. बिघडलाय का?’ बिघडला नव्हता. पेन ड्राइव्हला मिळतं तसं ड्राइव्हचं अक्षर पीटीपीवर जोडलेल्या कॅमेऱ्याला मिळत नाही, नुसतं कॅमेऱ्याचं नाव दिसतं. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत यूएसबीच्या सेटिंगखाली ‘मास स्टोरेज’ आणि ‘पीटीपी’ असे दोन पर्याय असतात. मास स्टोरेज निवडलं की कॅमेरा बाजूला सरकतो आणि केबलवरूनही कार्ड ड्राइव्हसारखं उघडतं. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय आहे, कॅननच्या छोट्या पॉवरशॉटमध्ये सहसा नसते. म्हणजे केबल असूनही रीडरसारखं वागणं शक्य आहे, आणि गोंधळाचं निम्मं मूळ इथेच आहे.

हा फरक खरा टोचतो तो फोटो चुकून पुसले गेल्यावर. विश्वामित्रीच्या पुलावरून कुणी मगरीचे फोटो काढले, झूम करून, श्वास रोखून, आणि रात्री कॅमेऱ्यात नको ते पुसताना तेच उडवले. कॅमेऱ्याने पुसलं म्हणजे फोटो लगेच नाहीसा होत नाही. यादीतली त्याची नोंद जाते आणि ती जागा रिकामी धरली जाते. वर नवा फोटो बसेपर्यंत जुना बहुतेक वेळा तिथेच असतो. तो शोधायला फोटोरेकसारखे फुकट प्रोग्राम आहेत, पण त्यांना कार्डाचा कोपरान् कोपरा स्वतः वाचावा लागतो. पीटीपीवर ते जमत नाही, कारण पुसलेला फोटो कॅमेऱ्याच्या यादीतच नसतो आणि यादीबाहेरचं तो देत नाही. अशा वेळी केबल लावून तास घालवू नका. कॅमेरा बंद करा, कार्ड काढा, त्यावर नवा एकही फोटो काढू नका आणि रीडर शोधा. सापडलेले फोटो त्याच कार्डावर उतरवायचे नाहीत, कॉम्प्युटरवरच घ्यायचे.

आता रीडरची दुसरी बाजू. कपाटाची किल्ली हातात आली की कपाट विस्कटायचीही सोय होते. कार्ड उघडल्यावर डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसतं, त्यात १०० पासूनच्या आकड्याने सुरू होणारी फोल्डरं, आणि त्यात चार अक्षरं नि ०००१ ते ९९९९ पर्यंतचा आकडा अशा नावांचे फोटो. ही नावं कॅमेरे एका ठरलेल्या नियमाने देतात. कार्डावरच फोटोचं नाव बदलून ‘आरतीकाकूंचा गणपती’ केलंत, तर कॉम्प्युटरला तो दिसेल, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर बहुधा दिसणार नाही. नावं बदलायची हौस कॉपी झाल्यावर, कॉम्प्युटरवरच्या प्रतीवर भागवावी.

शिवाय डीसीआयएम कॉपी केलं म्हणजे सगळं आलं असं नव्हे. सोनी आणि पॅनासोनिकच्या ज्या कॅमेऱ्यांत एव्हीसीएचडी व्हिडिओ निघतात, त्यात ते व्हिडिओ डीसीआयएममध्ये नसतात; प्रायव्हेट नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात, आत आत, एमटीएस फाइली होऊन पडलेले असतात. विसर्जनाचे फोटो नीट आले, ढोलाचा व्हिडिओ तेवढा राहिला आणि कार्ड फॉरमॅट करून टाकलं, हे इथेच घडतं. रीडर वापरत असाल तर सरळ अख्खं कार्ड उचला आणि तारखेच्या नावाच्या फोल्डरात टाका. कट-पेस्ट नको, कॉपी करा. दोन-चार फोटो उघडून बघा, व्हिडिओ चालवून बघा, मगच कार्ड रिकामं करा. तेही कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्याच मेनूतून.

फॉरमॅटचा विषय निघालाच आहे तर एक धोका ठळक सांगतो. ३२ जीबीच्या वरची एसडी कार्डं, म्हणजे एसडीएक्ससी, एक्सफॅट नावाच्या, फाइली मांडायच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. एखाद्या छापखान्यात किंवा ओळखीच्या दुकानात अजून विंडोज एक्सपी चालू असेल आणि त्यावर एक्सफॅटचा अपडेट नसेल, तर ते कार्ड वाचता येत नाही. जुना रीडरही असाच फसतो. आणि कॉम्प्युटर ‘मला वाचता येत नाही’ असं म्हणत नाही, तो विचारतो, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ हो म्हटलंत की संपलं. नाही म्हणा, कार्ड काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर घाला. केबलवर हा प्रश्न सहसा येत नाही, कारण कार्ड वाचायचं काम कॅमेरा करतो आणि त्याला ते येतं.

दुकानात प्रिंट काढायला कार्ड द्यायचं असेल तर त्याच्या डाव्या कडेची बारकी पट्टी ‘लॉक’कडे सरकवा. फोटो वाचले जातात, पण बहुतेक रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत, त्यामुळे परक्या कॉम्प्युटरचा व्हायरस सहसा घरी येत नाही. घरी परतल्यावर कॅमेरा फोटो काढायला नकार देऊ लागला तर आधी तीच पट्टी बघायची. ती तुटून पडलेली असली तर त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी कार्ड पुन्हा लिहितं होतं. जुगाड आहे, पण चालतं.

केबलचं रडगाणं वेगळं. कॅमेरा चालू ठेवावा लागतो, म्हणून बॅटरी खर्ची पडते. फोटो जाता जाता कॅमेरा झोपला तर कॉपी अर्धवट. टोकांचा तर मेळच नाही. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना मिनी यूएसबी लागते, निकॉनच्या अनेक जुन्या कूलपिक्सना ८ पिनांचं वेगळंच चपटं टोक. टोक बसलं म्हणजे केबल बरोबर असंही नाही: काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात, कॅमेरा जोडला तरी कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच लागत नाही. ‘ड्रायव्हर नाही’ म्हणून हताश होण्याआधी केबल बदलून बघावी.

माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला रीडरच. थोडक्या पैशांत येतो, कॅमेऱ्याची बॅटरी खात नाही आणि कॅमेऱ्याच्या यूएसबीच्या भोकाची झीज वाचवतो. घरातल्या आजोबांना मात्र मी केबलच लावून दिली असती. कार्ड काढा-घाला करताना ते उलटं बसण्याची, स्प्रिंगने उडून सोफ्याखाली जाण्याची भीती नाही आणि चुकून काही पुसलं जाण्याचीही धास्ती कमी.

एक अपवाद. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या २००२ नंतरच्या काही वर्षांतल्या कॅमेऱ्यांत एसडी नाही, एक्सडी कार्ड असतं. सोनीच्या जुन्यांत मेमरी स्टिक. आजच्या साध्या रीडरला या कार्डांचं भोकच नसतं. असा कॅमेरा हाती आला असेल तर त्याच्या डब्यातली केबल फेकू नका. आणि २००६ च्या आधीच्या एसडी कॅमेऱ्याला नवं कार्ड घेताना २ जीबी किंवा त्याहून लहानच मागा. त्यापुढचं एसडीएचसी कार्ड त्यात बसतं, पण बहुतेक कॅमेरे ते ओळखत नाहीत.